ट्रेलरच्या भिंतीत पाणी मुरतंय: गळती शोधायची कुठे आणि बुजवायची कशी?

उंबरठा (धागाकर्ता)

२६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, २०१४ चा. भिंती फायबरग्लासच्या लॅमिनेटेड (थर एकमेकांना चिकटवलेल्या), छत ईपीडीएम जातीच्या रबराचं. मुक्काम ओहायोत, हिवाळाभर उघड्यावर उभा असतो.

पुढच्या बेडरूममध्ये उजव्या, म्हणजे दाराकडच्या कोपऱ्यात पलंगाशेजारची भिंत सुरकुतली आहे. अंगठ्याने दाबली तर आत जाते. पलंगाखालच्या आरपार सामानाच्या कप्प्यातलं कार्पेट ओलं आहे, आणि आठवडाभर पाऊस नव्हता तरी ओलंच. शिवाय एकही नळ सुरू नसताना पाण्याचा पंप मधूनच दोन सेकंद घुर्र करून थांबतो, साधारण दर २५ मिनिटांनी.

दुरुस्तीवाला म्हणतो अख्खं छत नव्याने सील करून घ्या. छतावर डोळ्यांना तर काही दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

वळचण

छतावर सीलंट ओतायच्या आधी थांबा. तुमच्या वर्णनात बहुधा दोन वेगळी पाणी आहेत आणि दुरुस्तीवाला तिसरंच औषध देतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ट्रेलरमध्ये ओल चार वाटांनी येते. पावसाचं पाणी, दाबाच्या नळ्यांचं पाणी, सांडपाण्याच्या नळ्यांचं पाणी आणि श्वासाची-स्वयंपाकाची वाफ. पावसाची ओल पावसानंतर वाढते आणि कोरड्या आठवड्यात उतरते. दाबाच्या नळीची ओल पावसाला विचारत नाही. पंप चालू ठेवला किंवा होज जोडला की वाढते. सांडपाण्याची ओल सिंक किंवा शॉवर वापरल्यावरच दिसते आणि तिला वास असतो. चौथी वाट लोक विसरतात. १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं. फर्नेसचा धूर बाहेर जातो, पण गॅसच्या शेगडीचं पाणी आतच राहतं. हिवाळ्यात गादीखाली, कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीवर ते थंड होऊन बसतं आणि माणूस छत फाडायला निघतो.

तुमचा कप्पा पाऊस नसताना ओला आहे आणि पंपही घुरघुरतोय, म्हणजे तिथे नळीचा संशय पक्का. भिंतीचं अजून सांगता येत नाही. दोन्ही तपास वेगवेगळे करा. एकाच दिवशी होज मारून आणि पंपही चालू ठेवून बसलात तर काहीच कळणार नाही.

गॅलनभर

पंपाचं मी सांगतो.

आधी हिशेब. बहुतेक १२ व्होल्टचे पंप मिनिटाला ३ गॅलनचे असतात, म्हणजे सेकंदाला साधारण १९० मिली. दोन सेकंदांत ३८० मिली. दाब चढलेला असताना प्रवाह कमी होतो म्हणून निम्मं धरू. दर २५ मिनिटांनी १९० मिली म्हणजे दिवसाला ११ लिटरच्या आसपास. हे सगळं जर ट्रेलरच्या आत जात असेल तर एव्हाना कार्पेट नुसतं ओलं नसतं, तळं झालं असतं. त्यामुळे यातलं काही पाणी पंपाच्याच एकतर्फी झडपेतून मागे टाकीत जात असण्याची शक्यता धरा. ही झडप आधी तपासायची, ती सोपी आहे. पंप बंद करा, शहरी पाण्याच्या तोंडाला (ट्रेलरला बाहेरून होजने पाणी द्यायची जोडणी) रेग्युलेटर लावून होज जोडा, ४० ते ५० पीएसआयवर (चौरस इंचाला पाउंड, दाबाचं माप). मग पंपाची आत येणारी नळी (टाकीकडची, गाळणीची बाजू) काढा. काढताना नळीतलं टाकीचं पाणी येईल, ते चिमटा लावून थांबवा. आता पंपाच्या तोंडातून थेंब येत राहिले तर झडप गेली. पंपाचं पुढचं डोकं बदलून मिळतं, अख्खा पंप घ्यायची गरज नाही.

झडप चांगली निघाली तर गळती नळ्यांतच. वॉटर हीटर बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि बायपास करा, म्हणजे पाणी त्याला वळसा घालून जाईल. गरम पाणी आकसताना दाब आपोआप उतरतो आणि गळती नसताना गळती दिसते. मग होजमध्ये दाबमापक बसवून, दाब चढला की होज जोडलेला बाहेरचा नळ बंद करा. अर्ध्या तासात काटा पाचापेक्षा जास्त खाली आला तर कुठेतरी पाणी निसटतंय. होजच्या दोन्ही टोकांच्या वॉशरवर आधी हात फिरवून बघा, निम्म्या वेळा दोषी तिथेच सापडतो.

नळीवर थेंब दिसत नसेल तर पाण्याऐवजी हवा भरा. टाकीकडे जाणारा रस्ता बंद, हीटर बायपास, सगळे नळ मोकळे करून पाणी काढून टाका आणि बंद करा. हिवाळ्यात नळ्या फुंकायला जो ब्लोआउट प्लग वापरतो तो शहरी तोंडाला लावून कॉम्प्रेसरने ३० पीएसआय, त्याहून वर नाही. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. फुगे बोलतात.

उंबरठा

झडप ठीक आहे, पंपाच्या तोंडातून एक थेंबही नाही. मग हवा भरली. डाव्या बाजूच्या कप्प्यात बाहेरच्या शॉवरची पेटी आहे, तिच्या मागून सूं आवाज येतोय. साबण लावल्यावर फेस गरम पाण्याच्या नळीच्या प्लॅस्टिक एल्बोवर आला. पण पाणी इथून निघतं डावीकडे आणि भिंत मऊ आहे उजवीकडे. आणि ११ लिटरचं काय, कप्प्यात तेवढं पाणी नाही.

गॅलनभर

बाहेरचा शॉवर म्हणजे हिवाळ्यातल्या फुटीची ठरलेली जागा. बाकीच्या नळ्या फुंकताना लोक बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ उघडायला विसरतात, तिथे पाणी राहतं, गोठतं आणि एल्बोला केसासारखी चीर पडते. शहरी पाण्याच्या तोंडातली झडप, पंपाच्या गाळणीची वाटी आणि टॉयलेटमागची पाण्याची झडप याही त्याच यादीत. एक फुटली असेल तर उरलेल्या तीनही बघून घ्या.

११ लिटर कुठे गेले? पोटाखाली. कप्प्याच्या जमिनीत नळ्या जायला जी भोकं असतात, त्यातून पाणी खालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या आवरणात उतरतं. ट्रेलरखाली आडवे होऊन बघा, आवरणाला कुठे पोट सुटलंय का.

एल्बोची दुरुस्ती: नळी पेक्सची (लवचीक प्लॅस्टिकची), अर्धा इंची, बाहेरचा व्यास पाच अष्टमांश इंच. जुना एल्बो कापून टाका, नळी कटरने काटकोनात कापा, करवतीने नाही. तांब्याची रिंग आणि क्रिंपर असेल तर पितळी एल्बो वापरा. रिंग नळीच्या टोकापासून एक अष्टमांश ते पाव इंच आत, क्रिंप झाल्यावर मापाच्या पट्टीने तपासा. क्रिंपर नसेल तर स्टीलच्या एककानी क्लँप आणि त्याचा चिमटा स्वस्तात येतो. घुसवायच्या फिटिंगलाही माझा विरोध नाही, फक्त नळीवर साधारण एक इंचाची खूण करून ती खूण बुडेपर्यंत ढकला. रस्त्याच्या हादऱ्यांत अर्धवट बसलेली फिटिंग सुटते. शॉवरच्या नळाला जे प्लॅस्टिकचं फिरतं नट असतं ते हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बस. त्यात शंकूसारखा वॉशर असतो, टेफ्लॉन टेप लावू नका. पान्याने आवळलं की नटच फुटतं आणि परत इथे प्रश्न विचारावा लागतो.

ट्रेलर १९९५ च्या आधीचा असेल तर नळी करडी पॉलिब्युटिलीन असू शकते. तिला पेक्सची रिंग चालत नाही, जोडफिटिंग वेगळी घ्यावी लागते. तुमची २०१४ ची आहे, काळजी नको.

वळचण

आता भिंत. पिनवाला ओलमापक आणा, साधा ३०-४० डॉलरचा चालतो. बिनपिनचा मापक लॅमिनेटेड भिंतीत फसतो, आतली ॲल्युमिनियमची चौकट दिसली की आकडा उगाच चढतो. पिनचे ठिपके बारीक असतात, भिंतीच्या जोडपट्टीच्या कडेला टोचले तर दिसतही नाहीत.

कोपऱ्याचा नकाशा काढा. छतापासून जमिनीपर्यंत दर फुटाला एक आकडा, कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींवर. तसाच नकाशा डाव्या कोपऱ्याचा, तुलनेसाठी. ८ ते १४ टक्के म्हणजे कोरडं, १५ ते २० संशय, २० च्या वर ओलं. घरंगळून आलेलं पाणी खाली साठतं म्हणून खालचा आकडा सगळ्यात मोठा असतो. तो बघून काही ठरवायचं नाही. बघायचं हे, की वर जाताना कोरडा आकडा पहिल्यांदा कुठे लागतो.

उंबरठा

उजवा कोपरा, पुढची भिंत, वरून खाली: ११, २६, २४, २२, २३, २७, ३१. बाजूची भिंत: ११, १३, १४, १४, १७, २३, २९. डावा कोपरा सगळा ९ ते १२. बेडरूमची खिडकी बाजूच्या भिंतीत आहे, म्हणून मला तिचा संशय होता.

वळचण

खिडकी सुटली. तिच्या वरचा, बाजूचा आकडा १४ आहे. पाणी पुढच्या भिंतीत वरून पहिल्या आणि दुसऱ्या फुटाच्या मध्ये शिरतंय. तिथे बाहेर काय आहे?

उंबरठा

पिवळा क्लिअरन्स दिवा, रात्री ट्रेलरची कड दाखवणारा. बरोब्बर तिथे. त्याच्या शेजारून कोपऱ्याची पट्टी खाली येते.

सुकाणू

मग संशयित दोन, दिवा आणि कोपऱ्याची पट्टी. वेगळे करायला होजची परीक्षा. नोझल काढून टाका, नुसती धार, तीही भिंतीवर ओघळेल इतकीच. नोझलने दाब दिला की जिथे पाऊस कधीच शिरला नसता तिथेही पाणी घुसवता येतं. खालून वर जायचं, हा नियम मोडू नका. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या सगळ्या सांध्यांवरून जातो आणि कोणी आत घेतलं ते कळत नाही. आधी पट्टीचा दिव्याच्या खालचा भाग, १० मिनिटं. दिव्यावर मेणकापड लावून पट्टीचा वरचा भाग, १० मिनिटं. मग दिवा उघडा करून १० मिनिटं. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा आणि भिंतीच्या कडेने टॉयलेट पेपरची पट्टी चिकटवून ठेवा. पहिला थेंब कागदावर डाग म्हणून दिसतो, डोळ्यांना दिसायच्या पाच मिनिटं आधी.

फ्रिजच्या बाहेरच्या जाळीत आणि फर्नेसच्या धुराड्यात पाणी मारू नका, त्या उघड्याच असतात. आणि खिडकीच्या खालच्या कडेला जी छोटी भोकं दिसतात ती गळती नाही. रुळात साचलेलं पाणी बाहेर जायची ती वाट. हौशी माणसं त्यात सिलिकॉन भरतात आणि मग पाणी आत येतं.

पातळी

होजपेक्षा हवेची परीक्षा बरी नाही का? डीलरकडे सीलटेकचं यंत्र असतं. छतावरच्या १४ इंची व्हेंटमधून आत हवा भरतात आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारतात. एका तासात अख्खा ट्रेलर तपासून होतो. घरीही लीफ ब्लोअरने करतात.

सुकाणू

यंत्र उत्तम. लीफ ब्लोअरला माझा विरोध. व्हेंटची झाकणं उडतात, रबराचं छत लाकडापासून सुटून फुगू शकतं. कार्पेट सुकवायचा पंखा पुरतो, तो पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचा. आधी गॅस सिलिंडरवरून बंद. सिंक-शॉवरच्या पी-ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या नळीत) पाणी भरलेलं हवं, नाहीतर हवा टाक्यांतून निघून जाते. बाकीची व्हेंट, स्टोव्हचा पंखा टेप लावून बंद. एक लिटर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन चमचे, बागेच्या फवाऱ्यात.

फुगा आला म्हणजे तिथून पाऊस येतोच असं नाही. स्लाइडच्या (बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या) रबरातून, दारातून, खिडकीच्या त्या भोकांतून हवा निघणारच. छत आणि कोपऱ्यावर आलेला फुगा मात्र गांभीर्याने घ्यायचा. हवेची परीक्षा संशयितांची यादी देते, होज कबुलीजबाब घेते.

उंबरठा

दिवा. उघडा केल्यावर सहाव्या मिनिटाला कागदावर डाग. पट्टीवर २० मिनिटांत काही नाही.

रंधा

दिव्याची दुरुस्ती नीट सांगतो, कारण बहुतेक लोक दिव्याभोवती सीलंटची वेटोळी करतात आणि दोन वर्षांनी तेच पाणी.

काच काढा, दोन स्क्रू. स्क्रू गंजलेले निघतील. मागे जो फोमचा गॅस्केट असतो तो आतापर्यंत बिस्किटासारखा झालेला असतो, त्याचा शेवटचा कण प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. भिंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं पांढरं येईपर्यंत. तारेचं भोक तारेपेक्षा बरंच मोठं असतं, खरं पाणी तिथूनच शिरतं. ते सीलंटने भरा. मग दिव्याच्या पाठीला ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबराची), अष्टमांश इंच जाड, स्क्रूच्या भोकांच्या बाहेरून गोल. टेप ब्यूटाइलच घ्या, दुकानात शेजारी ठेवलेली पुट्टी टेप सुकून तडकते. स्क्रू स्टेनलेसचे, जुन्या मापाचे. भोकाचे आटे गेले असतील तर एक नंबर जाड. हळूहळू आवळा, टेप चारी बाजूंनी बाहेर येऊ द्या, अर्ध्या तासाने पुन्हा थोडं आवळा, मग बाहेर आलेला भाग कापा.

शेवटी उभ्या भिंतीला चालणारा न ओघळणारा सीलंट, पण फक्त वर आणि दोन बाजूंना. खालची कड मोकळी. पुढेमागे आत पाणी गेलंच तर त्याला बाहेर यायला जागा हवी, चारी बाजूंनी बंद केलं तर ते फक्त आतच जाऊ शकतं.

हाच नियम खिडकीला, ग्रॅब हँडलला, शिडीच्या पायांना, वॉटर हीटरच्या चौकटीला. पाणी अडवायचं काम मागची ब्यूटाइल करते, वरचा सीलंट तिची छत्री.

पातळी

मग छताचं काय? दुरुस्तीवाला सांगतोय ते अगदीच चूक म्हणायचं का? बारा वर्षांच्या जवळ आलेलं छत आहे.

रंधा

अख्खं छत नको, सांधे बघायला हवेत. वर जाताना प्लायवूडचा तुकडा न्या, छताखालच्या आडव्या आधारांवरच पाय ठेवा. छतावर चालता येत नाही असं पुस्तिकेत लिहिलं असेल तर शिडीवरूनच काम करा.

ईपीडीएमवर बोट फिरवलं की पांढरी भुकटी येते, ते वयाचं लक्षण, गळतीचं नाही. बघायचं ते लॅप सीलंट, म्हणजे छतावरच्या सांध्यांवर घातलेला सीलंट. व्हेंट, शॉवरवरची काच, सांडपाण्याच्या नळ्यांची हवा बाहेर सोडणाऱ्या टोप्या, अँटेना आणि ट्रेलरच्या पुढच्या-मागच्या टोकाला छत जिथे जोडलंय ती शिवण. सीलंटला केसासारख्या भेगा असतील पण तो रबराला घट्ट असेल तर काढू नका. साबणाने धुवा, अल्कोहोलने पुसा आणि वरून नवा थर द्या. नखाने कड उचलली जात असेल तर तेवढा भाग हीट गनने नरम करून खरवडा. पेट्रोल, थिनर रबराला लावू नका, रबर फुगतं.

सपाट जागी डायकर कंपनीचा स्वतः पसरणारा लॅप सीलंट, उताराला आणि उभ्या जागी न पसरणारा. दोन्हींच्या नळ्या दिसायला सारख्या असतात, नाव वाचून घ्या. पसरणारा उभ्या जागी लावला तर सकाळपर्यंत खाली येऊन बसलेला असतो. एका व्हेंटला १०.३ औंसाची एक नळी कमी-जास्त पुरते. स्क्रूचं प्रत्येक डोकं झाकलं गेलं पाहिजे.

पातळी

आणि एटर्नाबाँड, ती छताची चिकट टेप? एकदा लावली की कटकट संपली.

रंधा

लांब शिवणीवर, ४ इंची, सुरेख. पण ती काढता येत नाही हे लक्षात ठेवून लावा. उद्या व्हेंट बदलायचा झाला तर रबरासकट उपटेल. म्हणून व्हेंटभोवती सीलंट, शिवणीवर टेप. स्वच्छ पृष्ठभाग, कोपरे कात्रीने गोल करा, आणि रोलरने जोर देऊन दाबा. ती दाबानेच चिकटते, हाताने थोपटून नाही.

सिलिकॉन मात्र छतावर कुठेही नको. एकदा सुकलेल्या सिलिकॉनवर दुसरं काही नीट चिकटत नाही. आधीच्या मालकाने भरलेलं असेल तर अर्धा दिवस खरवडण्यात जातो.

वळचण

एसीबद्दल एक ओळ. बेडरूममध्ये छतावरून थेंब पडला की सगळे एसीचा गॅस्केट बदलतात. आधी आतलं झाकण काढून चार बोल्ट बघा. ते ४० ते ५० इंच-पाउंडला (आवळण्याच्या जोराचं माप) असावेत, गॅस्केट निम्म्यापर्यंत दबलेला. हादऱ्यांनी सैल होतात. आणि थेंब फक्त एसी चालू असतानाच पडत असेल तर तो पाऊस नव्हेच, एसीच्या तुंबलेल्या ताटलीत साठलेलं पाणी आहे.

सह्यकडा

थोडं अवांतर. पुण्यात ट्रॅव्हलर गाडीवर कॅम्पर बांधून घेतलेली आहे. छतावर हॅच (वर उघडणारी खिडकी) आणि सोलर पॅनल. घाटात, कोकणात जुलैच्या पावसात हॅचच्या मागच्या कोपऱ्यातून पाणी येतं. डायकर इथे सहज मिळत नाही. वरचं काय लागू?

रंधा

तुमचं छत पत्र्याचं, त्यामुळे रबराचे नियम सोडा. पत्र्याला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट चालतो, सिकाफ्लेक्स २२१ सारखा, तो भारतात मिळतो. पण तुमच्या हॅचची अडचण बहुधा सीलंटची नसेल. छताला पन्हाळीसारखे उठाव असतील तर सपाट चौकट दोन उठावांवर टेकते आणि मधल्या खळग्यात फट राहते. ती फट फक्त सीलंटने भरली की गाडी वाकते-पिळवटते तेव्हा तिथेच सुटते. खळगे आधी प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने भरून चौकटीला सपाट बैठक द्या, मग ब्यूटाइल.

भोक पाडताना पत्र्याची कापलेली कड रंगवली होती का? नसेल तर कड गंजते आणि गंज सीलंटला खालून उचलतो. हॅच काढा, कड घासा, इपॉक्सी प्रायमर, पूर्ण सुकल्यावर बसवा. पीयू हवेतल्या दमटपणावर पिकतो हे खरं, पण लावताना पत्रा कोरडा हवा. हे काम मे महिन्यात करायचं, जुलैत नाही. पॅनलचे पाय स्क्रूऐवजी चिकटवायचे घेतलेत तर तेवढी भोकं कमी.

आणि आतून उघडा पत्रा असेल तर एसी-माणसांच्या वाफेने तो घामेजतो. हॅचशेजारी थेंब म्हणजे हॅचच गळतो असं नाही.

उंबरठा

दिवा बसवला, एल्बो बदलला, पंप रात्रभर गप्प. ट्रेलरखाली आवरणाला खरंच पोट सुटलं होतं. आता मऊ भिंत आणि जमीन उरली.

गॅलनभर

आवरणातलं पाणी काढायला पोटाच्या सर्वांत खालच्या ठिकाणी ब्लेडने छोटा छेद द्या. ड्रिल नको, वर लगेच टाकी किंवा तारा असतात. पाणी निघालं की इंग्रजी एच अक्षरासारखा मोठा छेद देऊन दोन पाळी उघडा, आतलं भिजलेलं फायबरग्लासचं इन्सुलेशन ओढून काढा. ते कधीच सुकत नाही आणि तुमची जमीन खालून ओली ठेवतं. जमीन कोरडी झाल्यावर पाळी बंद करून आवरणाच्या टेपने चिकटवा.

वळचण

भिंतीला आधी बाहेरून नाण्याने टकटक करा. टणक आवाज म्हणजे चिकटलेली, पोकळ आवाज म्हणजे फायबरग्लास सुटलंय. पोकळ भागाची पेन्सिलने सीमा आखा. आढ्याचं पाणी वळचणीला येतं तसं दिव्याचं पाणी खालच्या कोपऱ्यात आलंय, त्यामुळे पोकळ भाग खाली रुंद आणि वर निमुळता निघेल.

आतून लुआनचा, म्हणजे पातळ प्लायवूडचा थर, ३ मिलिमीटर. मल्टिटूलचं पातं तेवढंच खोल लावून मऊ भाग चौकोनात कापा. मागे दिव्याची तार आहे हे विसरू नका, १२ व्होल्टचा फ्यूज काढा. एन ९५ मास्क घाला. आत फोम असेल, त्याला चिकटलेला काळा लुआन खरवडून काढा. आता पंखा आणि डीह्युमिडिफायर. बुरशी २० टक्क्यांच्या खाली झोपते, पण तेवढ्यावर भिंत बंद करू नका. उरलेल्या लाकडाला बोरेटचं (बुरशीनाशक क्षाराचं) द्रावण ब्रशने द्या, ब्लीच लाकडाच्या आत जात नाही.

बाहेरचं फायबरग्लास सुटलं असेल तर आतून बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी सोडतात आणि प्लायवूडचा ताव बाहेरून टेकू लावून दाबतात. बाहेरच्या बाजूचा लुआन शाबूत असेल तरच हे टिकतं. तो ओल्या बिस्किटासारखा झाला असेल तर इपॉक्सी कुजलेल्या धाग्यांना चिकटतो आणि पहिल्या उन्हाळ्यात फुगा परत येतो. तशा वेळी तो भाग तसाच ठेवा. गळती बंद असेल तर फुगा वाढत नाही, फक्त दिसतो.

रंधा

जमिनीला टोच्याने टोचून बघा. पाव इंचापेक्षा सहज आत गेला तर तेवढा तुकडा कापून काढायचा, कडेने चांगलं लाकूड लागेपर्यंत. नवा तुकडा त्याच जाडीच्या प्लायवूडचा, ओएसबी (लाकडाच्या चकत्या दाबून केलेली पाटी) नको. खाली आडव्या पट्ट्या स्क्रू-गोंदाने लावून त्यावर बसवा, कापलेल्या सगळ्या कडांना इपॉक्सीचा हात. टोच्या टिकला तर फक्त सुकवा.

उंबरठा

टोच्या टिकतोय, जमीन वाचली. लुआन कापला, पंखा लावला. किती दिवस?

वळचण

दिवस मोजू नका, आकडा मोजा. तुमचा डावा कोपरा ९ ते १२ दाखवतोय. उजवा त्याच्याइतका आला आणि मग जोराचा एक पाऊस होऊनही तिथेच राहिला, की नवा लुआन लावा.